नाकापासून सुरुवात

मामा जाऊन आज चोवीस दिवस झाले. भेटायला येणारे म्हणतात, चष्म्याच्या कारखान्यात होते ना ते. होता म्हणजे काय, एकतीस वर्षं होता. पण तिथे तो करायचा काय हे कुणाला सांगता येत नाही. आईला येतं, कारण तिला त्यानेच शिकवलं. म्हणून आईने सांगितलेलंच इथे लिहितो. मामाला आम्ही जिवंतपणी कधी अहो-जाहो केलं नाही, आता तरी कशाला करायचं.

आई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. अठरा वर्षं तिने मोज्यांच्या कारखान्यात काढली. मोज्याला मोजा जोडायचा, पट्टी लावायची, खोक्यात टाकायचा. एका सोमवारी गेली तर दाराला साखळी. मालकाने यंत्रं विकली होती. बाबांची कंबर त्याआधीच कामातून गेलेली, ते घरीच असायचे. तेव्हा चूल आईच्याच हातावर, आणि तो हात रिकामा झाला.

मामा संध्याकाळी आला, चप्पल न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ठमे, चष्मे करशील का?"

आई म्हणाली, "दादा, चेष्टा करू नकोस. शिकायला दीड वर्ष लागतं, तूच सांगायचास."

"लागतं कुठे? लावतात."

आणि ते खरंच होतं. मामा स्वतः कारखान्यात लागला तेव्हा चौदा महिने त्याला काचेला हात लावू दिला नव्हता. झाडायचं, पुसायचं, उस्तादांच्या मागे उभं राहून बघायचं. उस्ताद तरी काय, नेमकं महत्त्वाचं काम आलं की पाठ फिरवून बसायचे. मामा म्हणायचा, "चौदा महिन्यांत मी एवढंच शिकलो की कोणाला चहात साखर किती लागते." तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, की माणसाला शिकवायचं तर कशासाठी शिकवतोय ते पहिल्या दिवशी त्याच्या हातात द्यायचं.

त्याच सुमारास कारखान्यात नव्या मॅनेजरबाई आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांनी मामाला सांगितलं, "तुम्ही म्हणता लवकर शिकवता येतं, तर करून दाखवा. शिकवायला वेगळं टेबल देते, एक माणूस घ्या. सहा आठवडे. शेवटच्या दिवशी दहा चष्मे, त्यातले नऊ बरोबर आले तर तो माणूस कायम. नाही आले तर तो घरी, आणि तुमचं शिकवण्याचं टेबलही बंद. मग ते दीड वर्षवालं चालू राहील."

मामाने माणूस म्हणून बहीण घेतली. कारखान्यात एकच ओरड झाली. सगळ्यात मोठा आवाज शिट्टीमास्तरांचा. हे म्हणजे काचेची कड घासण्यातले सगळ्यात जुने कारागीर. काम करताना सारखी शिट्टी वाजवायचे म्हणून नाव शिट्टीमास्तर. ते म्हणाले, "वा! आम्ही दीड वर्ष पाय मोडले आणि बहीणबाई दीड महिन्यात उस्ताद! उद्या मेहुण्यालाही आण म्हणावं."

मामा म्हणाला, "मेहुण्याची कंबर दुखते, नाहीतर आणलाच असता."

मॅनेजरबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की परीक्षा शिट्टीमास्तरच घेतील. आणि भाऊ म्हणून मामा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

पहिल्या दिवशी आई घरून जुनी साडी घालून गेली, झाडू मारावा लागेल म्हणून. मामाने तिला आत नेलंच नाही. समोर काउंटरवर उभी केली, जिथे गिऱ्हाईक तयार चष्मा न्यायला येतं.

"इथे काय करू?"

"चष्मा पूस आणि माणसाच्या नाकावर बसव. कानामागे दांडी टोचते का विचार. वाचायला दे. हसला तर पिशवीत घालून दे, नाही हसला तर मला हाक मार."

"आणि काच घासायची कधी?"

"ठमे, जो चष्मा नाकावर कसा बसतो हे तुला माहीत नाही तो तू घासणार कशी? आपण शेवटापासून येणार. आधी नाक. मग काच फ्रेममध्ये बसवणं. मग कड घासणं. आणि सगळ्यात शेवटी डोळ्याच्या बाहुलीसमोर येणाऱ्या जागी काचेवर ठिपका मारणं, जे इथे सगळे पहिलं शिकवतात आणि का ते कुणाला कळत नाही."

आई सांगते, पहिले चार दिवस तिला वाटलं हा भाऊ आपल्याला बनवतोय. पण पाचव्या दिवशी एक म्हातारा आला. त्याचा चष्मा तिने बसवला तर डावीकडून तिरका. आईने दांडी वाकवून बघितली, नाकावरची गादी दाबून बघितली, तिरकाच. मग तिला दिसलं की म्हाताऱ्याचा एक कानच जरा वर आहे. तिने एक दांडी मुद्दाम वाकडी केली आणि चष्मा सरळ बसला. म्हातारा म्हणाला, "बाई, वीस वर्षांत पहिल्यांदा." आई त्या दिवशी घरी आली ती तोंडभर हसत. बाबांचे कान पकडून दोन्ही मोजले.

दुसऱ्या आठवड्यात काच फ्रेममध्ये बसवायला दिली. गरम हवेच्या पेटीसमोर फ्रेम धरायची, जरा मऊ झाली की काच आत दाबायची. धातूची फ्रेम असेल तर स्क्रू. तो स्क्रू म्हणजे मोहरीएवढा. आणि इथे आईचं गाडं अडलं. स्क्रू पडायचे. पडले की सापडायचे नाहीत. काचेवरचा ठिपका आणि फ्रेमचा मध्य जुळतात का ते बघायचं, तर तिचे कधीच जुळायचे नाहीत. एक एक मिलिमीटर इकडे नाहीतर तिकडे.

मामाने तीनतीनदा दाखवलं. हात धरून दाखवलं. चढ्या आवाजात दाखवलं. शिट्टीमास्तर लांबून शिट्टीतच काहीतरी वाजवायचे आणि बाकीचे हसायचे. बारावा दिवस संपला, तेव्हा मामा टेबलावर डोकं टेकून बसला. आई म्हणाली, "दादा, माझे हात मोज्यांचे आहेत. सोड मला."

तेवढ्यात आईने घरी जायच्या आधी म्हणून सही करायला पगाराचा कागद उचलला आणि हात लांब केला. चांगला लांब, अगदी कोपर सरळ होईपर्यंत.

मामा उडालाच. "कागद इतका लांब कशाला धरलास?"

"असाच."

"जवळ धर."

आईने जवळ धरला. मामाने विचारलं, काय लिहिलंय. आईने कागद पुन्हा लांब नेला.

मामाने कपाळावर हात मारला. "अगं बये! चष्म्याच्या कारखान्यात, चष्मेवाल्याची बहीण, बारा दिवस माझ्या नाकासमोर, आणि तुला जवळचं दिसत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि मी गाढव तुझ्या हातांना शिव्या देतोय!"

आई रडायला लागली. तिने भरती होताना अर्जावर 'नजर चांगली आहे' यावर खूण केली होती. तिला वाटलं, चष्मा लागतो हे कळलं तर घेणारच नाहीत.

"कोणी सांगितलं तुला? शिट्टीमास्तरांच्या नाकावर काय बूच लावलंय का? चष्माच आहे ना तो?" मामा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "चूक माझीच आहे. शिकणाऱ्याला येत नाही म्हटल्यावर आधी त्याला दिसतंय का ते बघायचं असतं. मी कधी बघितलंच नाही. माझंही एक शिकून झालं."

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर काढला. लांबचाही थोडा, जवळचा बराच. मामा म्हणाला, "हा चष्मा तूच करायचा. दोन नंबरांचा." दोन नंबरांच्या काचेत खाली एक छोटी खिडकी असते, वाचायची. वरून लांबचं बघायचं, खिडकीतून जवळचं. ती खिडकी किती उंचीवर बसवायची यातच सगळं. मामाने तिच्या नाकावर तोपुरता एक तयार चष्मा चढवला आणि बाजूला बसून हात कसा धरायचा तेवढं सांगत राहिला; तिने मोजलं, तिने ठिपका मारला, तिने चाकावर कड घासली, तिनेच बसवली. मामाला दिसत होतं की खिडकी उंच बसतेय. बोलला नाही.

घरी येताना आई जिन्यावर पडता पडता वाचली. पायरी जिथे आहे तिथे नव्हतीच. खाली बघितलं की नजर खिडकीतून जायची आणि पायरी धूसर, फुगल्यासारखी वर यायची. कठडा धरून, एक एक पाय चाचपत ती घरात शिरली. बाबा म्हणाले, "काय गं, घेऊन आलीस की काय?"

सकाळी जाऊन तिने मामाला धारेवर धरलं. "तुला माहीत होतं!"

"होतं."

"माझं तंगडं मोडलं असतं म्हणजे?"

"मोडलं नाही ना? आता सांग, खिडकी किती खाली घ्यायची?"

"चार मिलिमीटर."

"पुस्तकात बघून सांगतेस?"

"तंगड्यात बघून सांगते!"

मामा इतका हसला की शिट्टीमास्तरांची शिट्टी थांबली.

तो चष्मा नीट केल्यावर आईचे हात सुटले. स्क्रू पडायचे थांबले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कड घासणं. तिथे मामाचा एकच नियम होता, रोज म्हणायचा. काच जास्त राहिली तर परत घासता येते, कमी झाली तर वाढत नाही. आणि कमी झालेली काच बसवायला कारखान्यात एक लबाडी चालायची. फ्रेमच्या खाचेत पारदर्शक पट्टीचा बारीक तुकडा सरकवायचा, काच घट्ट बसते, कुणाला कळत नाही. सहा महिन्यांनी पट्टी निघते आणि काच गिऱ्हाइकाच्या ताटात पडते. मामाने तिला ती पट्टी दाखवली आणि म्हणाला, "ही कशी घालतात ते शिक, म्हणजे दुसऱ्याने घातलेली ओळखता येईल. स्वतः घातलीस तर मी तुला ओळखणार नाही."

पाचव्या-सहाव्यात ठिपका मारणं, आणि असं करत सहावा आठवडा संपला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता खोलीत आई, शिट्टीमास्तर आणि दहा कार्डं. प्रत्येक कार्डावर गिऱ्हाइकाचा नंबर, डोळ्यांतलं अंतर, खिडकी असेल तर उंची. मामा दाराबाहेर. दाराला मधोमध काच होती, तिच्यातून त्याचं अर्धं तोंड दिसायचं. शिट्टीमास्तरांनी काचेवर कागद चिकटवला.

पहिले तीन चष्मे सरळ गेले. चौथ्या कार्डाचं गिऱ्हाईक स्वतःच बाहेर फ्रेम द्यायला आलं होतं. आईने विचारलं, "मी त्यांना भेटून येऊ का?"

शिट्टीमास्तर म्हणाले, "कार्डावर सगळं आहे की."

"नाक कार्डावर नाही ना."

मास्तरांनी हात हलवला, जा म्हणून. बाहेर पन्नाशीच्या बाई होत्या. आईने विचारलं, दिवसभर काय करता. बाई म्हणाल्या, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आहे, रोग्यांचे ट्रे घेऊन तीन मजले वर-खाली करते, लिफ्ट रोग्यांना लागते. वाचायचं म्हणाल तर प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी असते ती. आईने ऐकलं, आत आली, आणि खिडकी चार मिलिमीटर खाली घेतली.

पाच, सहा, सात झाले. आठव्याला चाक जरा जास्त फिरलं. बघते तर काच फ्रेममध्ये खडखडतेय. केसाएवढी फट. टेबलाच्या खणात पट्टीचा रोल होता. शिट्टीमास्तर तोंड फिरवून चहा पीत होते. आई सांगते, एक क्षण हात खणाकडे गेला, खोटं कशाला बोलू. मग तिने काच उचलून बाद काचांच्या डब्यात टाकली. खण्ण आवाज झाला. मास्तरांनी वळून बघितलं, डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि वहीत एक फुली मारली.

आता नऊच राहिले आणि नऊच लागत होते.

दुपारी तीनला दहावं संपलं. मॅनेजरबाई येऊन बसल्या. मास्तर एक एक चष्मा यंत्रावर ठेवत गेले, मोजपट्टी लावत गेले. "बरोबर. बरोबर. बरोबर." चौथ्याला थांबले. परत मोजपट्टी लावली.

"कार्डावर खिडकी अठरा. काचेत चौदा. बाद."

आई टेबलापाशी आली. "मास्तर, ते मुद्दाम केलंय. त्या बाई जिने उतरतात. अठरावर खिडकी ठेवली तर त्यांना पायरी दिसणार नाही."

"मग कार्डावर का नाही बदललं? माप बदललं की कार्डावर लिहून सही करायची. उद्या ह्या कार्डावरून दुसऱ्याने दुसरा चष्मा केला म्हणजे?"

खरंच होतं ते. धांदलीत राहिलं होतं. आईने मान खाली घातली. "ते चुकलं माझं. लिहायला हवं होतं."

मॅनेजरबाईंनी मास्तरांना विचारलं, "बाद कार्ड आहे की चष्मा?"

मास्तरांनी चष्मा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक कधी येणार आहे?"

"चारला," आई म्हणाली.

बाकीचे पाच मास्तरांनी तेवढ्यात तपासले, सगळे बरोबर निघाले; अडला तो हा एकच. चार वाजेपर्यंतचा तो तास आई आयुष्यात विसरली नाही. खुर्चीत बसली, उठली, परत बसली. बाहेर मामाच्या चपला फरशीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे वाजत होत्या.

बाई आल्या. आईने चष्मा पुसून नाकावर बसवला, दांड्या बघितल्या. मास्तर म्हणाले, "ताई, जरा जिन्यावर चला." कारखान्यातून रस्त्यावर उतरायला अकरा पायऱ्या आहेत, मधे वळण. मास्तरांनी फ्रेमांचा एक रुंद ट्रे बाईंच्या हातात दिला, भरलेला. आणि स्वतः त्यांच्या पुढे, तोंड वर करून, उलटे उतरायला लागले, पडल्या तर धरायला. एकसष्ट वर्षांचा माणूस. मामा भिंतीला चिकटून उभा.

बाई उतरल्या. रोज उतरतात तशा, बोलत बोलत. "अगंबाई, पायरी दिसतेय की! जुन्या चष्म्यात मी मोजत उतरायचे." खाली पोचल्या, ट्रे कठड्यावर ठेवला, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी मान जराशी वाकवून वाचली, धडाधड, आकड्यांसकट.

मास्तर मात्र उलटे उतरता उतरता शेवटच्या पायरीला चुकले आणि फतकल मारून बसले. आधी कुणी हसेना. मग त्या बाईच म्हणाल्या, "दादा, तुम्हालापण खाली घ्यायला हवी वाटतं खिडकी!" तेव्हा सगळा जिना हसला.

मास्तर कपडे झटकत वर आले. खिशातून पेन काढून आईच्या हातात दिलं. कार्ड पुढे केलं. "अठरावर काट मार. चौदा लिही. आज काय तारीख ती घाल आणि सही कर. यापुढे विसरलीस तर मी शिट्टी वाजवणार नाही, तोंड वाजवीन." मग मॅनेजरबाईंकडे वळून म्हणाले, "नऊ बरोबर."

आई म्हणते, जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. सही अशी वाकडी आली की ते कार्ड बघून पुढे बरीच वर्षं लोक तिला चिडवायचे.

मामा आला. आईला वाटलं आता जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल. तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, लागलं का?"

"बुडाला लागलं. तुझ्या बहिणीमुळे."

"बसा. चहा सांगतो. तुम्हाला दीड चमचा साखर."

"अजून आठवतंय?"

"चौदा महिने शिकलोय."

दोघं हसले आणि त्या हसण्यात जुनं बरंच काही धुऊन निघालं असावं, कारण पुढच्या महिन्यात नवीन तीन मुली आल्या तेव्हा कड घासायला मास्तरांनी स्वतःहून शिकवलं, तोंड त्यांच्याकडे करून. पाठ फिरवली नाही.

त्या संध्याकाळी आई आणि मामा चालत घरी निघाले. आईने विचारलं, "दादा, मी नापास झाले असते तर?"

मामा म्हणाला, "मग मी तुला परत पहिल्यापासून शिकवलं असतं. माझ्या स्वयंपाकघरात. टेबल बंद झालं असतं, मी कुठे बंद होणार होतो."

"आणि हे मला आज सांगतोयस? सहा आठवडे झोप नाही मला!"

"आधी सांगितलं असतं तर आठवा डब्यात गेल्यावर तू नववा चष्मा केला नसतास."

आईने त्याला रस्त्यातच पाठीत एक धपाटा घातला. मग घरी येऊन ती जेवायलाही बसली नाही. पलंगावर आडवी झाली ती सरळ सकाळी सातला उठली. बाबांनी चादर घातली तेव्हा बघितलं, चष्मा नाकावरच होता. काढला नाही त्यांनी. म्हणाले, झोपेतही तिला जरा नीट दिसू दे.